सासूबाईंचं वेढं शोधताना सापडलेली लारी

३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं, त्या दुपारी आमच्या आगरातल्या, म्हणजे नारळ-सुपारीच्या बागेतल्या, पोफळी एकीवर एक अशा आडव्या झाल्या. माड सात गेले. वादळ ओसरल्यावर तीन आठवडे आम्ही घरची सगळी माणसं कोयत्या घेऊन फक्त वाट मोकळी करत होतो. त्याच धांदलीत कधीतरी सासूबाईंच्या बोटातलं वेढं गळून पडलं. कुठे, कधी, त्यांनाही सांगता येईना. वेढं त्यांच्या आईचं, सोन्याचं, झिजून पातळ झालेलं. त्या काही बोलल्या नाहीत, पण रिकाम्या बोटावर अंगठा फिरवायची सवय त्यांना लागली आणि ती मला दिवसभर दिसायची.

माझा भाऊ बोटीवर असतो. पुढच्या दिवाळीला तो घरी आला तो मेटल डिटेक्टर घेऊनच. "ताई, याने वेढं मिळेल," म्हणाला. मिळालं नाही अजून. पण त्या यंत्रापायी लारी नावाचं एक जुनं नाणं मिळालं, आणि मला आमच्या स्वतःच्या जमिनीखालचं एक आख्खं गाव हळूहळू दिसायला लागलं, ते सांगायचं आहे.

आमचं घर दापोली तालुक्यात, दाभोळच्या खाडीपासून सायकलने जाता येईल एवढ्या अंतरावर. समोर पुळण, म्हणजे किनाऱ्याची वाळू, मग आगर, मग घर, आणि घरामागून जांभ्याचा चढ सुरू. हा क्रम मुद्दाम सांगितला, कारण या तिन्ही जमिनी डिटेक्टरशी तीन वेगवेगळ्या तऱ्हेने वागतात.

यंत्राचं काम असं चालतं. खालच्या गोल कॉइलमधून बदलतं चुंबकीय क्षेत्र जमिनीत जातं. धातू असला तर त्याच्यात बारीक विद्युतप्रवाह भोवऱ्यासारखे फिरायला लागतात आणि त्यांचं स्वतःचं क्षेत्र परत वर येतं. येताना ते थोडं मागे पडतं. किती मागे पडलं त्यावरून यंत्र आकडा दाखवतं. माझ्या यंत्रावर लोखंड खाली, तांबं आणि चांदी वर. सोन्याचं पातळ वेढं मधे, आणि नेमकी त्याच जागी गुटख्याच्या पुडीची चांदी आणि थंड पेयाच्या डब्याचं कान पकडून उघडायचं झाकण. म्हणजे वेढं हवं असेल तर पुडी आणि झाकण प्रत्येक वेळी उकरावंच लागतं. आकडा बघून सोडून देता येत नाही. पहिल्या महिन्यात मी घमेलंभर पुड्या काढल्या.

घरामागे चढावर यंत्र नेलं की ते रडायलाच लागतं. जांभ्यात लोह एवढं भरलेलं की दगडाचा नुसता तुकडाही धातूसारखा वाजतो. भाऊ म्हणाला यंत्र बिघडलंय. बिघडलेलं नव्हतं. कॉइल जमिनीवर खालीवर, खालीवर करत यंत्राला आधी त्या जमिनीची ओळख करून द्यावी लागते, आवाज बसेपर्यंत. तरी चिऱ्याचे तुकडे फसवतातच. पुढे कानाला फरक कळला. दगडाचा आवाज कॉइल उचलली की लगेच विरतो, आणि आडवी फिरवल्यावर येतो तो उभी फिरवल्यावर येत नाही. नाण्याचा आवाज दोन्हीकडून आखूड आणि भरीव येतो, माडावरून शहाळं भुसभुशीत वाळूत पडावं तसा.

पुळणीवर भरतीच्या रेषेपाशी मिठाचं पाणीच वीज वाहून नेतं, त्यामुळे ओली वाळू सतत कुजबुजत राहते. शिवाय आमच्याकडे वाळूत काळ्या रेतीचे पट्टे असतात. जुन्या स्पीकरमधलं चुंबक त्यावर फिरवलं की काळे कण केसाळ सुरवंटासारखे त्याला चिकटतात. तिथे साधं एकाच वारंवारितेचं यंत्र थकतं. आगर मात्र विहिरीच्या गोड पाण्यावर पोसलेलं, माती वाळूमिश्रित, शांत. वेढंही तिथेच पडलेलं. म्हणून काम आगरातच करायचं ठरलं.

पहिल्या दिवशी सासूबाईंनी आगराच्या कोपऱ्यात राखणदाराला नारळ ठेवला, हात जोडून गाऱ्हाणं घातलं, आणि मला म्हणाल्या, "आता खण. पण मुळं तोडू नको हो."

मुळं तोडायची नाहीत म्हणजे कुदळ बंद. खुरपं, हाताने माती काढायची, आणि काढलेली माती जुन्या गोणपाटावर. तपासून झाली की तीच माती परत त्याच खड्ड्यात, वर पाचोळा. दुसऱ्या दिवशी कुणी आलं तर कळू नये इथे कुणी उकरलंय. हा नियम सासूबाईंचा, आणि मी तो इतर कुठल्याही नियमापेक्षा जास्त पाळते.

वरच्या वीतभर थरात घराचाच इतिहास निघाला. मंगलोरी कौलांचे खिळे, रहाटाच्या लोखंडी पट्टीचा तुकडा, कंदिलाचं पितळी बर्नर, टॉर्चचे सेल. अर्धचंद्राच्या आकाराच्या, भोकं पाडलेल्या लोखंडी पत्र्या पाच मिळाल्या. घोड्याचा नाल एवढा लहान कसा, मला कळेना. सासूबाईंनी हातात घेऊन क्षणात सांगितलं, "हा बैलाचा. बैलाचा खूर दुभंगलेला ना, म्हणून एका पायाला दोन." त्यांच्या सासऱ्यांकडे रहाटाला बैल होता, त्याचं नावही त्यांना आठवलं. माडाच्या बुंध्याशी शिशाच्या लांबट गोळ्या सापडल्या, मधून भोक असलेल्या. जाळ्याच्या वजनाच्या. आमच्याकडे कुणी मासेमारी केलेली नाही, मग कधीतरी वाळत घातलेलं जाळं इथे असणार. अशी एकेक वस्तू आली की जेवताना तिच्यावर बोलणं व्हायचं. या बोलण्याने घर भरून जायचं, हे मला त्या काळात फार जाणवलं.

पहिलं नाणं निघालं ते भोकाचा पैसा. १९४३ चा, मधे गोल खिडकी. युद्धात धातू वाचवायला असा काढला होता. मग एक ढब्बू पैसा, आणि एक पाव आणा १८३५ चा, एका बाजूला कंपनीची ढाल आणि दुसऱ्या बाजूला पानांच्या हारात इंग्रजी अक्षरं. ही टांकसाळीत यंत्रावर पाडलेली नाणी ओळखायला सोपी. कड एकसारखी, वर्ष कोरलेलं.

चौथं नाणं वेगळं होतं. गोल म्हणावं तर गोल नाही, एका बाजूला जाड, हिरवंगार. मी ते नुसतं पाण्याखाली धरलं आणि बोटाने माती सोडवली. ठिपक्यांची कड दिसली. मग तिच्या आत, अर्धवट कापलं गेलेलं, 'राजा'. मी तिथेच बसले. खाली 'शिव' असणार हे ठाऊक होतं, तरी ते अक्षर उजेडात येईपर्यंत श्वास घेतला नाही. दुसऱ्या बाजूला 'छत्र' वर, 'पति' खाली, आणि मधे दोन आडव्या रेघा. ही दुदांडी शिवराई. शिवरायांच्या स्वतःच्या काळातली नव्हे. नाव त्यांचंच ठेवून पुढे पेशवाईत अशा शिवराया पाडत राहिले. हातोड्याने ठोकलेलं नाणं, ठसा मोठा आणि तांब्याचा तुकडा लहान, म्हणून संपूर्ण मजकूर एका नाण्यावर क्वचितच बसतो. एकावर 'श्री' मिळते, दुसऱ्यावर 'शिव'. सराफाच्या काट्यावर नऊ ग्रॅमच्या आसपास भरली.

आणि मग मी चूक केली. नाणं ओटीवर ठेवून कामाला गेले. संध्याकाळी आले तर सासूबाईंनी ते चिंच आणि मीठ लावून लख्ख केलं होतं, देवातला गडू घासतात तसं. त्यांना वाटलं मला आनंद होईल. नाणं गुलाबी झालं होतं आणि 'राजा' नाहीसा. शेकडो वर्षं मातीत राहून तांब्यावर जो हिरवा थर चढतो, बारीक अक्षरांची कड बहुतेकदा त्या थरातच उरलेली असते. थर गेला की अक्षर गेलं. मी काही बोलले नाही, पण त्यांना माझा चेहरा कळला. रात्री माजघरात आल्या आणि म्हणाल्या, "मला सांगायचं होतंस गं आधी." खरं होतं. मला ठाऊक होतं आणि मी सांगितलं नव्हतं.

तेव्हापासून घरात नियम झाला. सापडलेली वस्तू घासायची नाही, लिंबू नाही, चिंच नाही, तारेची घासणी नाही. तांब्याचं नाणं ऊर्ध्वपातित पाण्यात, म्हणजे बॅटरीत घालायला मिळतं त्या पाण्यात, ठेवायचं. पाणी रोज बदलायचं, कारण मातीतलं मीठ आतून हळूहळू बाहेर येतं. मग सावलीत पूर्ण वाळवून सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर डबीत. आमच्याकडच्या दमट हवेत हे केलं नाही तर महिन्याभरात नाण्यावर फिकट हिरवी पिठासारखी भुकटी दिसायला लागते. घट्ट, गडद हिरवं असेल तर ते नाण्याचं कवच. फिकट आणि हाताला लागणारं असेल तर तो रोग, आत राहिलेल्या क्षारामुळे तांबं खाल्लं जातंय. बैलाच्या पत्र्यांचं तर आणखी कठीण. लोखंड खाऱ्या मातीतून काढून तसंच वाळवलं की पापुद्रे सुटून फुटतं. पाचांतल्या दोन माझ्या डोळ्यांसमोर तशा गेल्या.

दुसरा नियम वहीचा. आगरात सुतळी ताणून मीटर-मीटरचे चौकोन केले. उभ्या ओळींना अक्षरं, आडव्यांना आकडे. प्रत्येक वस्तू कुठल्या चौकोनात, किती खोल, शेजारी काय. सुरुवातीला मी हे वेढ्यासाठी केलं, कुठला भाग तपासून झाला ते कळावं म्हणून. पण वही भरत गेली तसं त्यात दुसरंच काही दिसायला लागलं. भोकाचे पैसे आणि सेल सगळे घराजवळ, चार बोटं खोल. शिवराया, एकूण तीन, सगळ्या विहिरीच्या जुन्या पाटाच्या कडेला, वीतभर खोल. म्हणजे त्या काळी माणसांची ये-जा पाटाच्या बाजूने होती. आताची पाखाडी तिकडून जात नाही. नाणी खिशात घालून घेऊन आले असते आणि चौकोन लिहिला नसता, तर माझ्याकडे तीन तांब्याचे तुकडे असते आणि ही जुनी वाट कायमची गेली असती.

लारी सापडली ती ज-७ मध्ये.

तिथे वादळात माड मुळासकट उपटला होता आणि मुळांबरोबर मातीचा भला मोठा गड्डा वर आला होता. खड्ड्याच्या तळाशी कॉइल फिरवली तर आवाज विचित्र. एका दिशेने स्पष्ट, आडवं फिरवलं की आकडा बदलतो. लांबट वस्तू असली की असं होतं. खिळा असेल म्हणून सोडणार होते, पण लोखंडाचा तो कर्कश सूर नव्हता. हाताने माती काढली. काळसर राखाडी, बोटाच्या दोन पेरांएवढी, मधे दुमडून दोन्ही टोकं शेजारी आणलेली जाड तार. केसाचा आकडा, असंच वाटलं. वजन मात्र आकड्याचं नव्हतं. शेजारी निळी नक्षी असलेलं पांढऱ्या चिनी मातीचं नखाएवढं खापर, आणि कोळसा.

मी दोन्ही टोकांवरची माती ओल्या कापसाने भिजवली. घरातलं भिंग लावलं. तार चपटी ठोकलेली होती आणि त्या चपट्या भागावर रेषा होत्या. वळणाच्या, वर उभे दांडे असलेल्या. मोडी नाही, देवनागरी नाही. फारसी अक्षरांचे काप.

सराफाने वजन केलं, साडेचार ग्रॅमच्या थोडं वर. त्याने सवयीने कसोटीचा दगड पुढे ओढला. मी हात धरला. घासायचं नाही. तो जरा दुखावला, पण मग त्यानेच भिंग लावून सांगितलं, चांदी वाटते, आणि एका कडेला छिन्नीची बारीक खाच आहे, कुणीतरी पूर्वी पारखून घेतलेली. तेव्हाचा कुणी एक सराफ आणि समोरचा हा, दोघांनाही हाच प्रश्न पडला, की ही आतून चांदीच आहे ना.

गावात इतिहास शिकवून निवृत्त झालेले एक गुरुजी आहेत. त्यांच्या ओटीवर ती तार रुमालावर ठेवली. ते बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "सूनबाई, जुन्या कागदांत हा शब्द वाचत आलो, हातात कधी आली नव्हती. ही लारी."

लारी म्हणजे चांदीच्या तारेचं नाणं. इराणच्या दक्षिणेतल्या लार शहरावरून नाव पडलं. इराणच्या आखातापासून आपल्या किनाऱ्यापर्यंत आणि पुढे सिंहलद्वीपापर्यंत व्यापारात चालायचं. मालदीवमध्ये आजही त्यांच्या रुफियाच्या शंभराव्या भागाला लारीच म्हणतात. विजापूरच्या दुसऱ्या अली आदिलशहाने, १६५६ ते १६७२ हा त्याचा काळ, स्वतःच्या नावाच्या लाऱ्या पाडल्या आणि त्या कोकणपट्टीवर चालल्या. दाभोळ त्या राज्याचं मोठं बंदर. त्याआधी १५०८ च्या डिसेंबरात पोर्तुगीज अल्मेदाने ते जाळलं होतं, तरी पुन्हा उभं राहिलं. ठसा तारेपेक्षा मोठा असल्यामुळे प्रत्येक लारीवर मजकुराची एक चीरच उमटते. आमच्या लारीवर कुणाचं नाव आहे ते मी सांगणार नाही, कारण त्या चिरेवरून ठरवणं माझं काम नाही. गुरुजींनीही घाई केली नाही. फोटो दोन्ही बाजूंनी, बाजूने तिरपा उजेड टाकून, शेजारी मोजपट्टी ठेवून काढले.

ज-७ मध्ये मी पुढे खणलं नाही. यंत्र अजून वाजत होतं. कोळसा आणि खापर एकत्र म्हणजे तिथे कुणाची तरी वस्ती, चूल, काहीतरी असणार, आणि ते थराथराने उलगडायला शिकलेली माणसं असतात. आमच्याच तालुक्यात केळशीच्या वाळूच्या टेकडीवर डेक्कन कॉलेजच्या अभ्यासकांनी तसं काम केलेलं आहे. खुरप्याने ते होत नाही. खड्ड्यात गोणपाट अंथरलं, त्यावर वाळू भरली, वर चिरा ठेवला.

मग कागद. १८७८ चा निखात निधीचा कायदा अजून लागू आहे. जमिनीत दडलेली, दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीची वस्तू सापडली तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवायचं. काय सापडलं, किती, कुठे, कधी. वस्तू जवळच्या सरकारी कोषागारात जमा करायची किंवा तारण द्यायचं. लपवलं तर हिस्सा जातो आणि एक वर्षापर्यंत कैदही होऊ शकते. मालक कुणी पुढे आला नाही आणि आपसात वेगळा करार नसेल, तर सापडणाऱ्याला तीन वाटे आणि जमिनीच्या मालकाला एक. सरकारला वस्तू हवी असेल तर तिच्यातल्या धातूच्या किमतीवर पाचवा भाग जास्त देऊन ती घेता येते. सातबारा सासूबाईंच्या नावावर. मी त्यांना वाचून दाखवलं, की आई, मला तीन वाटे आणि तुम्हाला एक. त्या म्हणाल्या, "वाटे कसले करतेस? अख्खी ठेवा कुणीतरी नीट."

भावाचा फोन आला. परदेशात एका बंदरावर जुन्या नाण्यांचं दुकान आहे, तिथे दाखवतो म्हणाला. त्याला सांगितलं, शंभर वर्षांवरचं नाणं १९७२ च्या कायद्याने पुरावस्तू ठरतं आणि खाजगी माणसाला ते देशाबाहेर नेता येत नाही. तो गप्प झाला, मग म्हणाला, "फोटो तरी पाठव."

अर्ज द्यायला दोन खेपा झाल्या. पहिल्या खेपेला खिडकीवरच्या माणसाला हा अर्ज कुठल्या टेबलावर जातो तेच कळेना. दुसऱ्या खेपेला गुरुजी सोबत आले. वहीचं पान, आगराचा हाती काढलेला नकाशा, फोटो, सातबारा असं सगळं जोडलं. पोच घेतली. पुरातत्त्व खात्याला प्रत पाठवली.

या सगळ्यात एक गोष्ट वाईट झाली. गावात पसरलं की आमच्याकडे हंडा निघाला. दोन अनोळखी माणसं मोटारसायकलवर आली, यंत्र भाड्याने द्या म्हणाली, अमावास्येला देवराईत लावायचं होतं. गुप्तधन शोधून देणारा माणूस त्यांच्याकडे होता म्हणे. मी नाही म्हटलं आणि त्याच संध्याकाळी पोलीस पाटलांना सांगून आले. असल्या लोकांनी उकरलेले खड्डे मी पाहिलेत. समाधीखाली, दीपमाळेच्या पायाशी, देवळाच्या जोत्याला लागून, दगड उलथून टाकलेले. धनाच्या नावाने भोंदूगिरी करणं २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यात गुन्हा आहे, तरी हे चालतं. मला त्या खड्ड्यांचा मनापासून राग येतो. मिळत काहीच नाही आणि जे होतं ते विस्कटून जातं. किल्ल्यांच्या आणि संरक्षित वास्तूंच्या हद्दीत तर परवान्याशिवाय खणणंच गुन्हा. हर्णैसमोर सुवर्णदुर्ग उभा आहे, २०२५ मध्ये जागतिक वारशाच्या यादीत गेला. तिथल्या वाळूवर यंत्र घेऊन जावं असं मला एकाने सुचवलं. मी माझ्या सातबाऱ्याबाहेर यंत्र सुरूच करत नाही.

लारी जमा करायला गेलो त्या दिवशी सासूबाई सोबत आल्या. कापूस, त्यावर डबी, डबीवर माझ्या अक्षरात 'ज-७' आणि तारीख. कारकुनाने मोजून लिहून घेतलं, 'चांदीसदृश धातूची दुमडलेली तार, नग १.' सासूबाईंनी डबी द्यायच्या आधी झाकण उघडून एकदा बघितलं आणि लारी तर्जनीवर आडवी ठेवली. वेढं असायचं त्या बोटाशेजारी.

"किती जणांच्या हातातून गेली असेल," म्हणाल्या, आणि डबी बंद करून दिली.

परत येताना एसटीत त्यांनी विचारलं, किती चौकोन राहिले. वही पिशवीतच होती. विहिरीकडची बाजू झाली, पाट झाला, पोफळीच्या चार ओळी झाल्या. गोठ्यामागचा भाग राहिलाय, तिथे वादळानंतर झावळांचा ढीग लावला होता आणि त्या स्वतः दोन दिवस तिथे झावळ्या ओढत होत्या. हे त्यांना एसटीत आठवलं, इतक्या दिवसांत पहिल्यांदा. रविवारी सुतळी तिकडे ताणायची आहे. पाऊस लागायच्या आत साधारण चाळीस चौकोन.